हात घरी बसव

पोरी, सर्जरीची रेसिडेंट झालीस. आता खोपोली लोकलने सुट्टीला शिळफाट्याला आलीस की नुसत्या झोपा काढू नकोस. दुर्बिणीच्या ऑपरेशनला हात बसवायचा तो घरी. बोटांची पहिली चाचपड पेशंटच्या पोटात होता कामा नये.

सरावासाठी महागडा ट्रेनर-डबा विकत घेऊ नकोस. झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घे, झाकणाला हत्यारांपुरती दोन भोकं पाड, आत एलईडीची पट्टी लाव, जुना मोबाइल कॅमेऱ्यासाठी अडकव आणि चित्र टीव्हीवर घे. टीव्ही डोळ्यांच्या किंचित खाली हवा, नाहीतर मान धरेल. वाटाणे एका वाटीतून दुसरीत टाक, आधी डाव्या हाताने. हात उजवीकडे नेला की हत्याराचं टोक डावीकडे जातं. हे डोक्याला लगेच कळतं, मनगटाला कळायला आठवडे लागतात. मग हातमोज्यावर पेनाने गोल काढून रेषेवर काप. टाके शेवटी, कोंबडीच्या मांडीवर. गाठ आवळताना कातडी फाटते का बघ. रोज वीस मिनिटं पुरेत, रविवारी एकदम चार तास नकोत. सुया मोजून काढ, मोजून ठेव. घरात रांगतं पोर आहे. इथल्या पावसात हत्यारांचे सांधे लगेच गंजतात, पुसून तेलाचा थेंब सोड. आणि घरची हत्यारं ऑपरेशन थिएटरात, ओटीत, न्यायची नाहीत, उकळूनसुद्धा नाही.

डब्यात रक्त येत नाही, श्वासाबरोबर काही हलत नाही. सुजलेल्या पित्ताशयाशी नळी नेमकी कुठली, दुर्बीण बाजूला ठेवून पोट कधी उघडायचं, हे ओटीतच कळतं. म्हणून नुसता कॅमेरा धरायला दिला तरी नाक मुरडू नकोस. चित्र तिरकं होऊ देऊ नकोस आणि सर कुठे थांबतात ते बघ. पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, हा सर्जन स्ट्रासबर्ग यांचा १९९५चा दंडक पाठ हवा.

मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० साली देशात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पण पोटात दुर्बीण घालून ते १९७२ पासून तपासण्या करत होते. इतकी वर्षं आधी हात बसला होता. तुझी बॅच वर्षभरातच केस मागते, मला ते पटत नाही.

सरावाचे व्हिडिओ मोबाइलवर ठेव, सरांना दाखव. ते ‘ठीक आहे’ म्हणाले की मग पहिली केस माग.