कृषिदूत गावी आला असता

खरिपाच्या दिवसांत खानदेशातील पुष्कळ गावी कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी येऊन उतरतात. मुलगे असल्यास त्यांस कृषिदूत व मुली असल्यास कृषिकन्या म्हणतात. रांगोळीने गावाचा नकाशा काढावयाचा, बीजप्रक्रियेचे एक प्रात्यक्षिक करावयाचे, चार रोपे लावून छायाचित्र घ्यावयाचे, इतके झाले की आपण त्यांस नारळ देऊन निरोप देतो. हा व्यवहार उभय पक्षी तोट्याचा आहे.

धुळ्याचे कृषी महाविद्यालय 1960 साली निघाले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शेवटल्या वर्षी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ ह्या नावाने विद्यार्थ्यांस गावी पाठवितात व एकेका यजमान शेतकऱ्याशी जोडून देतात. ह्या काळात विद्यार्थ्याने शेतकऱ्याचा शिष्य व्हावे अशी मूळ कल्पना. आपण मात्र त्यास पाहुणा करून ठेवतो. त्यास कळण्याची भाकरी अवश्य वाढावी, पण काम सांगण्यास संकोच करू नये.

काम कोणते? कपाशीचेच घ्या. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात केलेला नाश कोणी विसरला नसेल. अळी बोंडात शिरल्यावर बाहेरून दिसत नाही व फवाऱ्याने सहसा मरत नाही. म्हणून पतंग येऊ लागताच ते कळले पाहिजे. त्यासाठी पेरणीपासून सुमारे दीड महिन्याने हेक्टरी 5 कामगंध सापळे पिकाच्या शेंड्याहून थोडे उंच लावावयाचे व पतंग रोज मोजावयाचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी 8 पतंग सापडले, अथवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, अथवा 20 हिरवी बोंडे फोडून पाहता दोहोंत अळी निघाली, की उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. सापळे लावणारे शेतकरी पुष्कळ आहेत. रोज मोजणारे थोडे. निंदणीच्या घाईत सवड कोणास? गावी आलेल्या पाच विद्यार्थ्यांनी शिवाराच्या पाच बाजूंस ही मोजणी करून आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तर साऱ्या गावास वेळीच सूचना मिळेल. पतंगास बांध कळत नाही. एकट्याने सावध राहून भागत नाही.

मातीच्या नमुन्याचेही असेच. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याच्या जागेची माती सोडून शेतातील दहा-पंधरा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातून अर्धा किलो घ्यावी लागते. एका कोपऱ्यातील ढेकूळ पाठविणाऱ्यास हाती येणारे पत्रक निरुपयोगी असते. नमुना विद्यार्थ्याने आपल्या डोळ्यांदेखत घ्यावा.

ह्याहून कठीण गोष्ट हिशेबाची. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाची कसून पाहणी करून ती 1917 साली प्रसिद्ध केली. सरासरी धारण 1771 साली सुमारे 40 एकर होते, ते 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आले, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. बहुतेक कुटुंबांचा निर्वाह केवळ जमिनीवर होत नाही हेही दिसून आले. असे सत्य बाहेर येते ते लोकांनी आपला व्यवहार उघड केला तरच. आपण विद्यार्थ्यास उत्पन्न सांगताना कमी सांगतो व कर्ज मुळीच सांगत नाही. घरच्या बायकांनी केलेली वेचणी तर कोणत्याच वहीत चढत नाही. कृषिकन्या आल्या असता घरातील स्त्रियांशी त्यांची गाठ अवश्य घालून द्यावी. निंदणी, वेचणी, बियाणे राखणे ही कामे ज्यांच्या हातची, त्यांनीच त्याविषयी बोलावे. पुरुषांनी मध्ये उत्तरे देऊ नयेत.

विद्यार्थी परततात तेव्हा वहीही त्यांच्याबरोबर महाविद्यालयात जाते व गुण पडल्यावर कपाटात राहते. निघण्यापूर्वी तिची एक प्रत गावच्या सोसायटीत ठेवून घ्यावी: कोणत्या तारखेस किती पतंग, कोणत्या गटाची माती कशी, एकरी खर्च किती. पुढल्या वर्षी नवी तुकडी आली, की रांगोळीआधी ती वही तिच्या हाती द्यावी.