मागे वळून पाहायला शिकवू या



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात 'प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले' हा पाठ चालू होता. मुलांना सगळे तोंडपाठ होते. कमरेला बांधलेला रुमाल, पात्रातले पाणी, पेत्राने आधी दिलेला नकार, सगळे पटापट सांगून झाले. मग मी सहज विचारले, "तुम्ही आंघोळ करून बाहेर आलात की बाथरूम कोण साफ करतं?" कोणी म्हणाले मम्मी, कोणी म्हणाले आजी. एकजण म्हणाला, "आमच्याकडे बाई येते." पप्पांचे नाव कोणी घेतले नाही आणि "मी" असेही कोणी म्हटले नाही. एक मुलगा मात्र मान खाली घालून बसला. त्याची आई चार घरचे संडास-बाथरूम धुण्याचे काम करीत होती. त्या क्षणी पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही आणि मी गाणे म्हणायला घेतले. ती मुले आता कॉलेज संपवून नोकरीला लागली आहेत. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते आज पालकांशी बोलावेसे वाटते.

बाथरूम स्वच्छ ठेवणे हा काय चर्चच्या पत्रकातला विषय आहे का, असे कोणाला वाटेल. त्यांनी घरी गेल्यावर जुन्या करारातील अनुवादाचा २३वा अध्याय काढून वाचावा. इस्राएली लोकांची छावणी पडली असता शौचाला कुठे जायचे, याचा नियमच तिथे दिला आहे. छावणीच्या बाहेर जागा ठरवायची. प्रत्येकाने आपल्या हत्यारांबरोबर खणायला एक खुंटी ठेवायची, खड्डा खणायचा आणि उठल्यावर मागे वळून आपली घाण आपणच मातीने झाकायची. कारण काय दिले आहे? परमेश्वर त्या छावणीतून फिरत असतो, म्हणून छावणी पवित्र असली पाहिजे. रोगराईचा उल्लेखही नाही. आणि हा नियम सैन्यातल्या प्रत्येकाला आहे. तो खड्डा बुजवायला वेगळी माणसे नेमलेली नाहीत.

'मागे वळून' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. मुलांना शिकवायचे म्हणतो ते एवढेच: दार उघडण्याआधी एकदा मागे वळून बघायचे. भांड्यात काही राहिले आहे का? फरशीवर फेस आहे का? साबण पाण्यात पडला आहे का? नळ टपकतो आहे का?

आपल्यातल्या अनेकांचे बालपण चाळीत किंवा क्वार्टरमध्ये गेले. चार-पाच बिऱ्हाडांत एक संडास आणि हातात टमरेल घेऊन बाहेर रांग. तुम्ही घाण ठेवून बाहेर आलात, तर पुढचा माणूस समोरच उभा असे आणि घाण कोणाची ते त्याला माहीत असे. गैरसोय भरपूर होती, ते दिवस परत यावेत असे मी म्हणणार नाही. पण तिथे पुढचा माणूस दिसत होता. आता फ्लॅटमध्ये संडास-बाथरूम घरातच आले, खोलीला लागून आले आणि मुलांना तो पुढचा माणूस दिसेनासा झाला. ती व्यक्ती बहुधा त्यांची आईच असते आणि तीच सर्वांत शेवटी आंघोळीला जाते.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला आंघोळीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अंग धुऊन झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, आई आपला पदर पसरते आणि पायाला जपतोस तसे मनालाही जप असे सांगते. हे सांगताना आपले डोळे भरून येतात. पण एक बोलू का? आपण आयांनी त्यातला पदर पसरणे तेवढे उचलले, दुसरे सांगणे राहून गेले. दहावीला गेलेला मुलगा टॉवेल जमिनीवर टाकून बाहेर येतो आणि आपण तो मुकाट्याने उचलतो. वर म्हणतो, "त्याचा अभ्यास आहे." मुलगी असेल तर मात्र तिला आठव्या वर्षीच फडा हातात देतो.

दुसऱ्याची घाण काढण्याचे काम कोणी करायचे, हे आपल्या देशात जन्मावरून ठरत आले. आपल्या मराठी कॅथलिक समाजातील कितीतरी घराण्यांना हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. आजोबा-पणजोबांच्या वाट्याला गावाने कोणती कामे लावली होती, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. म्हणूनच शिकून वर आलेल्या आपल्या घरांत "संडास धुणे आपलं काम नाही" असे मूल म्हणू लागले, तर मला ते जास्त खुपते. कालपर्यंत जे ओझे आपल्या पाठीवर होते, ते आज पैसे देऊन दुसऱ्याच्या पाठीवर ठेवले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

या महाराष्ट्रात ते ओझे आपण होऊन उचलणारी माणसेही होऊन गेली. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने सरकारने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, हे अनेकांना आठवत असेल. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन मुलांना कमी माहीत असतात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. तुम्ही ब्राह्मण, तुम्हाला हे काम देता येणार नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यावर अप्पासाहेबांनी उपोषण केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी कमी खर्चाचे संडास तयार केले. माणसाच्या हाताला मैला लागूच नये, हा त्यामागचा विचार होता. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. नको असलेले काम टाळण्यासाठी उपोषण समजते, पण ते मिळावे म्हणून उपोषण केल्याचे ऐकून मुले थक्क होतात.

आपल्या संतांमध्ये पोरेसचे संत मार्टिन आहेत. पेरू देशातील लिमा शहरात १५७९ साली त्यांचा जन्म झाला. वडील स्पॅनिश आणि आई गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय स्त्री. मठात त्यांनी झाडलोट केली, आजाऱ्यांची सेवा केली. १९६२ साली त्यांना संतपद जाहीर झाले. त्यांच्या चित्रात हातात झाडू असतो. ३ नोव्हेंबरला त्यांचा सण येतो. त्या दिवशी हे चित्र घरात मुलांना दाखवता येईल.

आता प्रत्यक्ष शिकवायचे कसे ते पाहू. तीन-चार वर्षांच्या मुलाला लघवीनंतर एक मग पाणी ओतायला आवडतेच, फक्त मग त्याच्या हाताला येईल असा ठेवा. पाच-सहाव्या वर्षी फ्लश ओढून पाणी जाईपर्यंत थांबायचे, भांड्याला काही चिकटले असेल तर ब्रश फिरवायचा आणि मग साबणाने हात धुवायचे, हे जमते. घरात कमोड असेल तर मुलग्यांनी वरची सीट उचलायची आणि शिंतोडे उडाले तर पुसायचे. 'लहान आहे' म्हणून हे सोडून देऊ नका, हीच सवय पुढे लग्नानंतर त्याच्या बायकोच्या वाट्याला येते! आठ-नऊ वर्षांचे मूल जाळीवरचे केस उचलून कागदात टाकू शकते, वायपरने फरशीवरचे पाणी ओढू शकते, आपले कपडे बादलीत आणि टॉवेल दोरीवर टाकू शकते. याला दोन मिनिटे लागतात. बारा वर्षांच्या पुढे आठवड्यातून एकदा धुण्याच्या पावडरने फरशी आणि भांडे घासण्याची पाळी द्यावी. वयात आलेल्या मुलींना पॅड कागदात नीट गुंडाळून कचऱ्यात वेगळे ठेवायला आईने सांगावे. संडासात टाकायचे नाही.

पहिले काही दिवस नुसते सांगून भागत नाही. बरोबर उभे राहून दाखवावे लागते. वायपर कोणत्या बाजूने ओढायचा, हेही मुलांना माहीत नसते आणि ते पाणी दाराबाहेर ढकलतात. त्यावर ओरडू नये. त्याने धुतलेले आपल्याला पसंत पडले नाही, तरी त्याच्यासमोर लगेच पुन्हा धुवायला घेऊ नये.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे. शिक्षा म्हणून संडास धुवायला लावू नका. "मार्क कमी पडले, आता बाथरूम घास," असे म्हटले की मूल दोन गोष्टी शिकते: हे काम वाईट आहे आणि जो हे काम करतो त्याने काहीतरी गुन्हा केलेला असतो. मग घरी येणाऱ्या बाईकडे ते त्याच नजरेने बघते. त्यापेक्षा पप्पांनी रविवारी मिस्सेहून आल्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मुलाबरोबर बाथरूम घासावी. पवित्र गुरुवारी फादर गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात, तेव्हा आपण मुलांना वर उचलून ते दाखवतो. घरात तसे काही दिसले नाही, तर मुलांना ते वर्षातून एकदा होणारे नाटक वाटेल. त्या काळी पाय धुणे हे घरातल्या गुलामाचे काम होते. पेत्र नको म्हणाला तो त्यासाठीच.

काळजीची एक गोष्ट. ॲसिडची बाटली मुलांच्या हाती देऊ नये. मोठ्यांनीही ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बंद बाथरूममध्ये तो छातीला घातक ठरतो. बोअरिंगच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पाणी सुकले की ते पांढरे होऊन फरशीवर चिकटतात आणि मग ॲसिडशिवाय निघत नाहीत अशी आपली समजूत असते. रोज वायपर मारला तर ते साचतच नाहीत. साचलेच तर लिंबू किंवा व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवावे आणि घासावे.

शाम्पूच्या पुड्या, ब्लेड, केसांचे गुंतवळे संडासात किंवा मोरीत सोडले तर ते कुठे जातात, हेही मुलांना सांगा. ते नाहीसे होत नाहीत, पुढे चेंबरमध्ये जाऊन अडकतात. मग कोणाला तरी बोलावले जाते. माणसाला गटारात उतरवून हाताने मैला काढायला लावण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तरी अशी कामे करताना गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतच राहिल्या. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृतांच्या कुटुंबांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आपल्या मुलाने टाकलेली पुडी आणि तो खाली उतरलेला माणूस यांच्यात फार अंतर नाही. मुलांना घाबरवू नका, पण हे कळू द्या.

घरात सवय लागली की बाहेर ती आपोआप दिसते. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गावोगावचे हजारो भाविक येतात. तिथल्या संडासासमोरच्या रांगेत आपली मुलेही उभी असतात आणि आपल्या मागे कोणीतरी म्हातारी बाई लांबून प्रवास करून आलेली असते. बाहेर पडण्याआधी तिच्यासाठी एक बादली पाणी ओतून यायचे, हे मुलाच्या कानात सांगून ठेवा.

आपल्या चर्चच्या मागच्या संडासांविषयी मी वेगळे लिहीत नाही. दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ते कसे असतात, हे सर्वांनी पाहिले आहे आणि ते वापरणारी मुले आपल्याच वर्गातली आहेत. पुढच्या रविवारपासून वर्ग सुटल्यावर सातवीच्या पुढच्या मुला-मुलींच्या तिथे पाळ्या लावणार आहोत. मुलांचे संडास मुलांकडे, मुलींचे मुलींकडे. पहिल्या दोन पाळ्या आम्हा शिक्षकांच्या आहेत, ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. रबरी हातमोजे आणि पावडर आणली आहे. बादल्या दोन आहेत, लांब दांड्याचा ब्रश मात्र एकच आहे. कोणाच्या घरी जादा असेल तर मिस्सेला येताना घेऊन यावा.