थंडीतील केळ

देवळाली कॅम्पातील आमच्या परसात आईने हौसेने केळ लावली. पहिल्याच हिवाळ्यात तिची पाने करपली. केळ मेली असे समजून मी कोयता उचलला आणि बुंधा जमिनीलगत तोडला. मधोमध पांढराशुभ्र, ओला दांडा निघाला. वर चिरून पाहतो तो आत केळफूल! आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी भूगोलाचा विद्यार्थी. चूक उमगली ती पुढे वाचताना. केळीचा बुंधा हे खरे खोड नव्हेच. ती पानांच्या तळांची एकात एक गुंडाळी. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. पारा १४ अंशांखाली गेला की वाढ जवळजवळ थांबते, पाने पिवळी पडतात, पण कंद सहसा शाबूत राहतो. फुलावर आलेल्या केळीला थंडीने गाठले, तर घड बुंध्यातच अडकतो. आमचे नेमके तेच झाले असावे.

आता डिसेंबर लागताच बुडाशी पाचोळ्याचा वीतभर थर घालतो, वाळलेली पाने बुंध्याभोवती लोंबतीच ठेवतो, आणि रात्री विहिरीचे पाणी देतो. ते त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. पहाटे पाचोळा धुमसवण्याची रीतही आहे, पण शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपुढे ती चालत नाही!

तोडलेल्या कंदाला फाल्गुनात दोन मुनवे फुटले. एक राखला. कोयता मात्र आईने माळ्यावर टाकला आहे.