विस्तवावर भिस्त नको

भाद्रपदाचा पाऊस ओसरून पैनगंगेचे गढूळ पाणी निवळू लागले, कापसाची पहिली बोंडे फुटली आणि उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या गोंडांच्या गुड्यांतून दंडारीचे ढोल ऐकू येऊ लागले, म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातल्या माणसाचे मन घरात रमत नाही. कार्तिक लागला की आमचे तेलुगू शेजारी वनभोजनास निघतात आणि मराठी कुटुंबे आवळीखाली चूल मांडून आवळीभोजन करतात. उघड्या आभाळाखाली शिजलेल्या अन्नाची गोडी मी लहानपणापासून चाखत आलो आहे आणि ती कोणी सोडावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. तथापि, अलीकडे या भोजनांना रानातला कंदमुळांचा मेवा आपल्या हाताने उकरून विस्तवात भाजण्याच्या हौसेची जोड मिळाली आहे, आणि त्या हौसेपायी दोन जीव मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत गेलेले मी जवळून पाहिल्यामुळे त्याविषयी चार शब्द सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम ऋतूचा भेद ध्यानी घ्यावा. नदीपलीकडे महाराष्ट्रात कृषी खात्यातर्फे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात. त्या दिवसांतली रानभाजी म्हणजे बहुधा कोवळी पाने आणि कोंब, आणि ज्याची पाने खावयाची ते झाड सर्वांगाने डोळ्यांसमोर उभे असते. शरदातला मेवा मात्र भुईच्या पोटात असतो. वेलीने पावसाळाभर साठविलेले सत्त्व कंदात उतरते तेव्हाच तिची पाने पिवळी पडून झडू लागतात. अर्थात ज्या काळात कंद खाण्याजोगा होतो, नेमक्या त्याच काळात त्याची ओळख पटविणारी सारी लक्षणे नाहीशी होत असतात. आम्ही ज्या संकटातून गेलो, त्याचे एक मूळ या गोष्टीत होते.

काही वर्षांपूर्वीच्या कार्तिकात आमची काही कुटुंबे उटनूरच्या वाटेवरील एका परिचिताच्या शेतात आवळीभोजनास जमली होती. बायकामाणसे भात-वरणाच्या आणि मी पाण्याच्या व्यवस्थेत गुंतलो असता मंडळींतील एका स्नेह्यांनी बांधावरच्या कुंपणात वाळत चाललेली एक वेल पाहिली आणि ती करांद्याची असल्याची खात्री बाळगून तिचे कंद उकरून निखाऱ्यांत पुरले. त्यांनी व आणखी एका तरुणाने ते खाल्ले. कडवटपणा जाणवला, परंतु रानचा करांदा कडूच असतो या समजुतीने त्यांनी तो मनावर घेतला नाही. सायंकाळी दोघांच्या घशात आग होऊ लागली आणि रात्री उलट्या व जुलाब यांनी त्यांना अंथरुणावर पाडले. उघड्यावरचे अन्न बाधले असेल असे मानून सारी रात्र घरगुती उपचारांत गेली. सकाळी रुग्णालयात डॉक्टरांनी काय खाल्ले म्हणून विचारले, तेव्हा दाखविण्यास कोणाजवळ कंदाचे सालसुद्धा नव्हते. मग शेतात माणूस धाडून वेलीचे अवशेष आणविले. त्यांत एक सुकलेले पान असे सापडले की ज्याचे टोकच दोरीसारखे गुंडाळून ताणा झाले होते. ती कळलावी होती. दोघेही अनेक दिवसांच्या शुश्रूषेने वाचले. पुढे काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यावरचे केस झडले आणि सावकाश पुन्हा आले.

कळलावी, जिला कित्येक ठिकाणी खड्यानाग म्हणतात, पावसाळ्यात तांबड्या-पिवळ्या ज्वालेसारख्या फुलांनी डोळे वेधून घेते. तिच्या सर्व अंगांत, आणि विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. वातरक्तावर ते अतिसूक्ष्म मात्रेत औषध म्हणून दिले जाते. मात्रा वाढली की ते शरीरातील पेशींचे विभाजन थांबविते, आणि म्हणून ज्या अवयवांत नव्या पेशी सतत घडत असतात त्या आतड्यांवर, अस्थिमज्जेवर आणि केसांच्या मुळांवर त्याचा पहिला घाला पडतो. खाल्ल्यानंतर काही तास रोगी ठीक दिसतो, मग उद्भवलेला पोटाचा विकार पुढे थोडा शमल्यासारखाही वाटतो, आणि नंतरच्या दिवसांत यकृत, मूत्रपिंड व हृदय यांचे कार्य ढासळू लागते. शिजविल्याने, भाजल्याने वा उकळल्याने हे विष नष्ट होत नाही.

माझ्या मते अनर्थाचे खरे कारण येथे आहे. अग्नी सर्व काही शुद्ध करतो ही श्रद्धा आपल्या रक्तात इतकी मुरलेली आहे की विस्तवातून निघालेल्या वस्तूविषयी आपण शंका घेईनासे होतो. वस्तुतः प्रत्येक विषाची तोड निराळी आहे. रानसुरणातील सुईसारखे सूक्ष्म स्फटिक जीभ व घसा खाजवितात. त्यावर चिंचेसारखा आंबट पदार्थ व भरपूर शिजविणे हा उपाय रूढ आहे. बैचांदीचे विष मज्जातंतूंवर चालते आणि पाण्यात विरघळते. म्हणून तिच्या पातळ चकत्या करून वाहत्या पाण्यात दिवसचे दिवस ठेवाव्या लागतात, आणि हे न करता ती नुसती भाजणारा जीव गमावू शकतो. कडू करांद्याच्या काही रानटी जाती यकृताला अपाय करतात. कळलावीला तर कोणताच संस्कार चालत नाही. सारांश, अग्नी एका विषाला पुरेसा, दुसऱ्याला अपुरा आणि तिसऱ्यापुढे सर्वथा निष्प्रभ आहे.

त्या प्रसंगानंतर एका कोलाम गुड्यातील वृद्ध स्त्रीकडून मी कंदांची ओळख शिकलो, आणि त्यातले जे सर्वांच्या उपयोगी पडेल ते येथे मांडतो. वेल श्रावण-भाद्रपदात, पाने व फुले अंगावर असताना पाहावी, तिच्या बुडाशी खूण करावी आणि कार्तिकात केवळ त्या खुणेच्या जागी खणावे. करांद्याचे पान हृदयाकृती असते, शिरा देठापासून कमानीसारख्या निघून त्यांच्यामध्ये जाळे पसरलेले असते आणि पानांच्या बगलेत छोटे कंद धरतात. कळलावीचे पान लांबट, समांतर शिरांचे आणि टोकाशी ताणा झालेले असते. करांद्याचा कंद गोलसर, काळपट व मुळांच्या झुपक्यांनी भरलेला, तर कळलावीचा गुळगुळीत, फिका आणि कोनात वाकलेला असतो. परंतु खणताना कंद तुटतो, म्हणून एकट्या आकारावर निवाडा करू नये. बैचांदीच्या वेलीला तीन पर्णिका व खाण्याजोग्या शेंडवेलीला बहुधा पाच असतात. तथापि शेंडवेलीच्या शेंड्याकडील पानांतही कधी तीनच दिसतात, यास्तव वेल बुडापासून शेंड्यापर्यंत न्याहाळावी.

मुलांच्या बाबतीत दक्षता दुप्पट हवी. पावसाळ्यात आपण ज्याची कोवळी पाने खातो त्या तरोट्याच्या शेजारीच कासविंदा वाढतो. तरोट्याच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असून त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, जोड्या अधिक, आणि पाला चुरडल्यास उग्र दुर्गंध येतो. शरदात त्याच्या शेंगा भरतात आणि खेळता खेळता मुले दाणे तोंडात टाकतात. उत्तर प्रदेशातील बिजनोरकडे मुलांना होणाऱ्या एका प्राणघातक मेंदूविकाराचा संबंध डॉ. विपिन वशिष्ठ व डॉ. टी. जेकब जॉन यांनी याच बियांशी जोडून दाखविला, आणि 2016 साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी बालके दगावली तेव्हाही त्यांतील काही मृत्यूंमागे हेच कारण आढळले. भुकेलेल्या, कुपोषित मुलास हे विष लवकर मारते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने विशेष लक्षात ठेवावी.

चूल मांडण्यापूर्वी वर पाहावे. झाडावर वा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या खवळतात आणि पळण्यासही अवसर देत नाहीत. बिब्ब्याचे लाकूड जाळू नये, त्याच्या धुराने अंगावर फोड येतात. कण्हेरीची काटकी सळई म्हणूनही वापरू नये. वाळू वा खडकावरच चूल पेटवावी, कारण पावसानंतर माजलेले गवत या दिवसांत सुकू लागते. राखीव जंगलात विस्तव करण्याची मुभा नाही. 2012 साली व्याघ्रप्रकल्प झालेल्या कवालच्या अभयारण्यातून कंद वा फळ उचलून आणणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा जो हक्क दिला तो वनवासी समाजाला आहे, सहलीला आलेल्या आपणांस नाही. निजामाच्या जंगलखात्याच्या जाचाविरुद्ध याच मुलुखातील कोमरम भीम 1940 साली जोडेघाट येथे लढता लढता पडला. ज्यांच्या पूर्वजांनी त्या हक्कासाठी प्राण वेचले, त्यांच्या तोंडचा कंद आपण हौसेसाठी उकरू नये.

एवढे करूनही कोणी अनोळखी वस्तू खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस पडू नये. उरलेला कंद, पाने, साल, जे हाती लागेल ते पिशवीत भरून रोग्याबरोबर न्यावे व खाण्याची वेळ लिहून ठेवावी. उलट्या थांबल्या म्हणून रोग्यास घरी आणण्याचा आग्रह धरू नये; कळलावीच्या बाबतीत हाच काळ सर्वांत फसवा असतो.

वनभोजनाचा आनंद यामुळे उणा होत नाही. आमच्या डोंगरांत या दिवसांत सीताफळे लगडतात. विकत घेतलेली अर्धकच्ची फळे निखाऱ्यात भाजून खावीत, बिया मात्र थुंकून टाकाव्यात आणि बियांची पूड डोळ्यांजवळ येऊ देऊ नये. रताळी बाजारातून न्यावीत, आवळे शेतमालकास विचारून घ्यावेत. आणि रानातल्या कंदांची विद्या शिकावयाचीच असेल, तर ती श्रावणात जाणत्या माणसाबरोबर हिंडून, त्याला त्याच्या दिवसाची मजुरी देऊन शिकावी. आणि पहिल्या वर्षी वेली केवळ पाहाव्यात, खणू नयेत.