बैहरहून निघण्याआधी

पोरी, कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीची प्रोफाइल भरायला घेतलीस म्हणे. चांगलं केलंस. पण पीआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, मिळाली की नोकरी मिळेल असं धरून चालू नको. मलाजखंडच्या खाणीतली तुझी सहा वर्षं पीआरला गुण मिळवून देतील, आणि तीच सहा वर्षं तिकडच्या इंटरव्ह्यूत ‘इथला अनुभव नाही ना’ म्हणून बाजूला ठेवतील. मी ओंटारिओ प्रांतातल्या सडबरीच्या खाणींत मेंटेनन्स केलं, म्हणून सांगतो.

कायदा आता तुझ्या बाजूचा आहे. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगानं 2013 सालीच धोरण काढलं, की कॅनडाच्याच अनुभवाचा हट्ट धरणं हा प्रथमदर्शनी भेदभाव ठरतो. इंजिनिअरचा परवाना देणाऱ्या प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ या संस्थेनं कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाची अट 2023 मध्ये काढून टाकली. आणि 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला तिथं जाहिरातीत ही अट लिहिता येत नाही. पण समोर बसलेल्या सुपरवायझरच्या मनात काय आहे, ते कोणता कायदा काढणार? त्याला भीती एवढीच असते, की या बाईला आमची वायरिंग, आमचे नियम माहीत नसले तर एखाद्या दिवशी अपघात होईल. ती भीती घालवणं तुझं काम. त्यातलं बरंचसं इथं, बैहरमध्ये बसून होतं.

आपली वीज 50 हर्ट्झची, तिकडची 60. आपल्या चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग 1500, तिकडे 1800. आपल्याकडे कारखान्यात 415 व्होल्ट, तिकडे बहुतेक ठिकाणी 600. कॅनेडियन इलेक्ट्रिकल कोड वेगळा, आणि त्याच्यावर ओंटारिओचा स्वतःचा सेफ्टी कोड. हे आकडे तोंडपाठ करून मिरवायचे नाहीत, पण रोज रात्री त्या कोडची थोडी पानं वाचत जा. माहीत असलेला माणूस बोलता बोलता ओळखू येतो.

सुरक्षेचं तर विचारतीलच. आपण ज्याला शटडाउन घेणं म्हणतो, तिकडे त्याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, त्याची किल्ली स्वतःच्याच खिशात. धोक्याचं काम नाकारायचा हक्क तिथं कायद्यानं कामगाराला आहे, आणि तू तो वापरशील की नाही हे ते चाचपून बघतात. साहेबाला ‘थांबा’ म्हटल्याचा एखादा प्रसंग तुझ्याकडे असेल तर तो सांग. आपल्याकडे अशा पोरीला उद्धट म्हणतात. तिकडे तिलाच कामावर घेतात.

आता आपल्या लोकांची जी खरी अडचण, ती ऐक. इंटरव्ह्यूत आपण ‘आम्ही केलं’ म्हणतो. आम्ही पंप बदलला, आम्ही रात्रभर थांबलो. घरात असं बोलणं शोभतं, पण तिथं बसलेल्या माणसाला कळतच नाही की यात तू काय केलंस. त्यांचे प्रश्नही वेगळे. व्याख्या विचारत नाहीत, ‘एकदा असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत’ असं विचारतात. म्हणून वहीत प्रसंग लिहून काढ: काय बिघडलं होतं, तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू कशाला हात घातलास, शेवटी किती तासांत मशीन चालू झालं. डंपर कोणत्या कंपनीचा, सबस्टेशन किती केव्हीचं, तेही लिही. मशीनचं नाव दोन्ही देशांत एकच असतं, आणि तेवढ्या एका नावानं अर्धी ओळख होते. मग आरशासमोर मोठ्यानं इंग्रजीत सांगून बघ. आजी हसेल, हसू दे.

बायोडाटावर फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचं नाव, जात, लग्न काही नको. दोन पानं पुरेत. लाख-कोटी लिहू नको. आणि परवाना हाती येईपर्यंत स्वतःला ‘इंजिनिअर’ लिहू नको. ओंटारिओत कायद्यानं ते नाव परवानाधारकाचंच. मेंटेनन्सची पुष्कळ कामं परवान्याशिवाय होतात, ती आधी शोध.

तू ज्या कंत्राटदाराकडे काम करतेस, त्याच्याकडून अनुभवाचं पत्र आजच माग. ‘अमुक ते अमुक काम केलं, वागणूक चांगली’ या दोन ओळी कामाच्या नाहीत. लेटरहेडवर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि नेमकी कामं हवीत, खाली साहेबाची सही. मसुदा तूच टाइप करून ने, चहाच्या वेळी जा. मार्कशीट, पासपोर्ट आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग जुळतं का, तेही बघ. आपल्याकडे हिंदीतून इंग्रजीत जाताना दर कारकून नाव नव्यानं लिहितो.

तिकडे गेल्यावर सगळे टोरांटोला चिकटतात. तू कशाला चिकटतेस? तांबं आणि निकेल सडबरीत आहे, सोनं टिमिन्सला. थंडी जास्त, पण माणसं हवी असतात. पहिली नोकरी एक पायरी खालची मिळाली तरी घे, मात्र खाणीच्या कुंपणाच्या आतली घे. गोदामात रात्रपाळी करून पैसे मिळतात, ओळख मिळत नाही.

मराठी मंडळात गणपतीला जाशील तेव्हा कुणाला ‘माझ्यासाठी नोकरी बघा ना’ म्हणू नको. माणूस पुढच्या वेळी तुला बघून वाट बदलतो. तुमच्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलाल का, एवढंच विचार. त्याला आवडतं, आणि नाव सुचवायचं असेल तर तो आपणहून सुचवतो. टोरांटोत TRIEC नावाची संस्था नव्यानं आलेल्यांना त्यांच्याच क्षेत्रातला जुना माणूस मार्गदर्शक म्हणून जोडून देते. तिथंही नाव टाक.

गोंदियात किंवा नागपुरात कुणी पैसे घेऊन ऑफर लेटर काढून देतो म्हणाला, तर चहाही पिऊ नको. अनुभवाची खोटी पत्रंही विकतात. पकडली गेलीस तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद, आणि तिथं तुझी बाजू मांडायला हा मामा येणार नाही. सल्लागार घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या यादीत त्याचं नाव आहे का, ते आधी बघ.

आणि नागपूर विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट. पदवी तपासणाऱ्या वेससारख्या संस्थेला ते विद्यापीठाकडूनच जावं लागतं, तू हातानं दिलेलं चालत नाही. दिवाळीच्या सुट्या लागायच्या आत जा, सोमवारची सकाळ धर आणि फीची पावती जपून ठेव.