फर्मावणे : हुकूम की आदर?

प्रश्न : घरी कुणी वडीलधारे आले की आमचे आजोबा हात जोडून विचारतात, "काय फर्मावता?" वर्तमानपत्रात मात्र 'न्यायालयाने सक्तमजुरी फर्मावली' असे वाचतो. एकच क्रियापद दोन्हीकडे कसे? ते आले कुठून?
– एक वाचक, नारायणगड (जि. बीड)

उत्तर : दोन्ही वापर बरोबर आहेत, आजोबांचा तर फारशीच्या वळणाला अधिक जवळचा. फारशीत 'फर्मूदन' म्हणजे आज्ञा करणे. 'फर्मान' त्यातलेच. पण थोरामोठ्यांचे साधे बोलणेही तिथे याच क्रियापदाने सांगतात. इराणी घरात आजही पाहुण्याला आत घेताना, चहा पुढे करताना 'बेफर्मायीद' म्हणतात. अक्षरशः अर्थ 'फर्मावा', भाव मात्र आपल्या 'या, बसा, घ्या'चा. स्वतःच्या बोलण्याला ते हे क्रियापद कधीच लावत नाहीत. तिथे 'अर्ज' येतो. वरच्याने फर्मावायचे, खालच्याने अर्ज करायचा, ही जोडी आपल्या दरबारी भाषेतही मुरली. तुमचा बीड जिल्हा तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या कारभारात उर्दूच्या आधी फारशीच चाले.

मूळ त्याहून फार जुने आहे. इ. स. पू. 522 ते 486 या काळात इराणवर राज्य करणाऱ्या दारियसच्या शिलालेखांत 'फ्रमातर', म्हणजे आज्ञा देणारा, हा शब्द कोरलेला आहे. त्यातला 'फ्र' म्हणजे संस्कृतातला 'प्र', आणि 'मा' म्हणजे मोजणे. म्हणजे 'फर्मान' आणि आपले 'प्रमाण' ही एकाच कुळातली भावंडे! मला या क्रियापदाची हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी 'फर्मावणे' मराठीत टिकले. 'फर्माईश' आली, आणि तिच्यातूनच 'फर्मास'. मुद्दाम सांगून करवून घेतलेली वस्तू उत्तमच असणार, म्हणून चहाही फर्मास. तुमच्या गडावर ज्यांचा जयघोष होतो त्या नगद नारायणांच्या नावातला 'नगद'सुद्धा अरबीतून फारशीमार्गे आलेला आहे.

तेव्हा 'आपण काय फर्मावता?' असे खुशाल म्हणावे; 'मी फर्मावतो' म्हणू नये. आजोबांच्या बोलण्यातले असे आणखी शब्द, ते ज्या वाक्यात वापरतात त्या वाक्यासकट, लिहून आम्हाला जरूर पाठवा.