म्हशीच्या मुखांतील लालापिंड

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची दुभती म्हैस रात्रीं दावें तोडून कोठींत शिरली व पोत्यांतील ज्वारीचा भरडा तिनें पोटभर खाल्ला. तिसऱ्या दिवशीं ती दगावली. “मास्तर, भरडा तर पौष्टिक, मग ती मेली कशानें?” असें त्या मुलानें आम्हांस विचारिलें. या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें म्हशीच्या तोंडांतच आहे.

म्हशीच्या मुखाशीं लाळ उत्पन्न करणारे मोठे पिंड तीन जोड्यांचे असतात: कानाखालीं कर्णमूलपिंड, जबड्याच्या कोनाजवळ अधोहनुपिंड व जिभेखालीं अधोजिव्हापिंड. यांशिवाय ओठ, गाल, टाळू, जीभ व घसा यांच्या अस्तराखालीं असंख्य बारीक पिंड विखुरलेले आहेत.

पिंडाचा कागदाहूनही पातळ काप करून, तो रंगवून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविला म्हणजे द्राक्षांच्या घडासारखी रचना दिसते. पेशींचे झुबके हीं द्राक्षें, व लाळ वाहून नेणाऱ्या नलिका हे देंठ. पेशी दोन जातींच्या असतात. एकींचें केंद्र वाटोळें असून त्या गर्द रंगतात. त्यांची लाळ पाण्यासारखी पातळ. दुसऱ्या फिकट, व त्यांचें केंद्र तळाशीं चेपलेलें. त्यांची लाळ बुळबुळीत. कर्णमूलपिंडांत पहिली जात, टाळू व घशाच्या पिंडांत मुख्यत्वें दुसरी. अधोहनुपिंडांत दोन्ही नांदतात. नेहमींच्या रीतीनें केलेल्या कापांत बुळबुळीत लाळेच्या झुबक्यांवर पातळ लाळेच्या पेशी चंद्रकोरीसारख्या बसलेल्या दिसतात. इटलीच्या जानुत्झी या शास्त्रज्ञानें १८६५ सालीं या कोरींचें वर्णन केलें.

बुळबुळीत लाळ चाऱ्याचा घांस घशांतून सरकविते. पातळ लाळेंत खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या कोठ्यांत सूक्ष्म जंतु चारा आंबवितात व त्यांतून आम्ल निपजतें. हे क्षार त्या आम्लाचा जोर मारतात. मोठी गाय याकरितां दिवसास सुमारें १०० लिटर किंवा त्याहूनही अधिक लाळ गाळते. म्हशीची व्यवस्थाही अशीच आहे.

परंतु लाळ अधिक सुटते ती चघळण्यानें. कडबा पुष्कळ चघळावा लागतो. भरडा थोडक्यांत गिळला जातो व झपाट्यानें आंबतो. म्हणजे आम्ल फार आणि लाळ थोडी. तें आम्ल कोठ्यांतील जंतूंची घडी मोडून रक्तांत उतरतें. त्या म्हशीचा घात असा झाला.

म्हणून मुलांनो, निजण्यापूर्वीं कोठीचें दार लावा. आंबोण वाढविणें तर थोडथोडें वाढवा, आणि वैरण कधीं तोडूं नका. जनावरानें फाजील दाणा खाल्ल्याचें कळतांच, तें धडधाकट दिसलें तरी, पशुवैद्यास बोलवा. तिसऱ्या दिवसाची वाट पाहूं नका.